वरणगाव पुण्याला, भुसावळ नागपूरला : ऑर्डनन्सची खातेफोड कशी झाली

प्रश्न असा आलाय की वरणगाव आणि भुसावळ ह्या दोन्ही ऑर्डनन्स फॅक्टऱ्या, म्हणजे फौजेचा माल बनवणारे सरकारी कारखाने, एकाच तालुक्यातल्या, हायवेनं पंधरा किलोमीटरच्या आतबाहेर, दोघींचा मालक सरकारच, मग वरणगाव म्युनिशन्स इंडियात आणि भुसावळ यंत्र इंडियात कशी गेली, ह्या कंपन्या आल्या कुठून, आणि आयटीआय झालेल्या पोरानं कुठल्या कंपनीकडे डोळे लावून बसायचं. विचारणारा आपल्याकडचाच, पुतण्याच्या वयाचा आहे, म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नको भो.

मी ३१ वर्षं ऑर्डनन्समध्ये काढली, त्यातली निम्म्याहून जास्त प्लॅनिंगला. कोणत्या फॅक्टरीत ते राहू दे, आपल्याकडे चार घरं सोडून कोणीतरी ओळखीचं निघतंच. पण वॉरंट, एक्स्ट्रॅक्ट, आयएफडी ह्या कामाच्या हुकमाच्या आणि मागणीच्या कागदांत आयुष्य गेलं त्यामुळे ही वाटणी मला आतून दिसलेली आहे, पेपरात २०२१ ला आली तेव्हा नाही, त्याच्या कितीतरी आधी.

तुझ्या प्रश्नातच एक गैरसमज आहे आणि तो सगळ्यांचाच असतो, की ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड हे एक मोठं घर होतं, १ ऑक्टोबर २०२१ ला त्याचे सात कंपन्यांत तुकडे केले. तसं नाही. शेतीचं उदाहरण घे. तीन भाऊ वीस वर्षं वेगवेगळे तुकडे कसतात, ज्याचं त्याचं केळीचं खोड ज्याच्या त्याच्या बांधात, पण सातबारा मात्र बापाच्या नावावर एकच, मग एक दिवस तलाठ्याकडे जाऊन खातेफोड करतात. गाव म्हणतं वाटण्या झाल्या. वाटण्या तर कधीच झालेल्या असतात, फक्त कागद झाला. ऑर्डनन्सचं नेमकं हेच झालं.

आता बाप कोण ते बघू. आपल्या फॅक्टऱ्यांचा इतिहास इंग्रजांच्या कंपनी सरकारपर्यंत जातो, कोलकात्याजवळ इशापूरला बारुदाचा कारखाना अठराव्या शतकाच्या शेवटी, आणि काशीपूरला तोफांचे गाडे बनवायचं काम १८०२ च्या १८ मार्चला सुरू झालं, म्हणून आजही १८ मार्चला ऑर्डनन्स फॅक्टरी डे करतात. आपल्या महाराष्ट्रात खडकीची ऍम्युनिशन फॅक्टरी १८६९ ची. भुसावळ १९४९ ची, म्हणजे स्वातंत्र्यानंतर लगेचची. वरणगाव १९६४ ची, आणि तिच्या मागे १९६२ चं चीनचं युद्ध आहे. त्या युद्धात आपली तयारी किती तोकडी होती ते दिसलं, त्याच वर्षी दिल्लीत संरक्षण उत्पादनाचं वेगळं खातं निघालं, आणि मग भंडारा १९६४, वरणगाव १९६४, नागपूरची अंबाझरी १९६६ अशी रांगच लागली. सगळ्या देशाच्या पोटात, सरहद्दीपासून लांब आणि रेल्वेच्या मेन लाइनवर. नकाशा पुढे ठेवला तर भुसावळ जंक्शन का निवडलं असेल ते कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

तर दोन बहिणींच्या वयात १५ वर्षांचा फरक आणि स्वभावात त्याहून जास्त. भुसावळ पत्र्याच्या कामाची, ड्रम, बॅरल, दारूगोळ्याच्या पेट्या-कंटेनर, म्हणजे ज्यात माल जातो ते. वरणगाव स्मॉल आर्म्सच्या गोळीची, रायफलची गोळी, आधी ७.६२ मिलिमीटरची आणि मग इन्सास रायफल आल्यावर ५.५६ ची. एक डबा करणारी आणि एक डब्यातला माल करणारी, आणि इथेच तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

१९७९ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड झालं, ओएफबी, ऑफिस कोलकात्याला आयुध भवनात. शेवटी शेवटी ४१ फॅक्टऱ्या आणि सत्तर हजाराच्या आसपास माणूस. एवढा पसारा एका टेबलावरून चालत नाही म्हणून बोर्डानं कामाप्रमाणे पाच ऑपरेटिंग डिव्हिजन पाडल्या होत्या. ऍम्युनिशन अँड एक्स्प्लोझिव्ह, वेपन-व्हेइकल, आर्मर्ड व्हेइकल, कपडे-तंबूवाली ऑर्डनन्स इक्विपमेंट, आणि मटेरियल अँड कंपोनंट. प्रत्येकीवर एक बोर्ड मेंबर. वरणगाव पहिल्या डिव्हिजनला, भुसावळ शेवटच्या, आम्ही त्याला एम अँड सी म्हणायचो. म्हणजे दोघींचा टार्गेटचा मेंबर वेगळा, रिव्ह्यू मीटिंग वेगळी, मशिनरीचं बजेट मागायची फाइल वेगळ्या टेबलावर. दोन फॅक्टऱ्यांच्या साहेब लोकांना एकमेकांशी ऑफिशियल बोलायचं तर कागद कोलकात्याला जाऊन परत खान्देशात यायचा, आणि अनऑफिशियल बोलायचं तर लग्नात पंगतीला भेटायचे. बहुतेक कामं पंगतीतच व्हायची हे वेगळं सांगत नाही.

आता ह्या पाच डिव्हिजन आणि २०२१ च्या सात कंपन्या शेजारी शेजारी ठेवून बघ. ऍम्युनिशनवाली झाली म्युनिशन्स इंडिया लिमिटेड, १२ फॅक्टऱ्या, मुख्यालय खडकी पुणे. मटेरियलवाली झाली यंत्र इंडिया लिमिटेड, ८ फॅक्टऱ्या, मुख्यालय अंबाझरी नागपूर. रणगाड्यांची झाली एव्हीएनएल, चेन्नईजवळच्या आवडी गावाला, बंदुका-तोफांची कानपूरची एडब्ल्यूईआयएल. कपडेवाल्यांमधून पॅराशूट फॅक्टरी तेवढी बाजूला काढून तिची एकटीची ग्लायडर्स इंडिया केली आणि बाकी चौघींची ट्रूप कम्फर्ट्स. दुर्बिणी-लेन्स-केबलवाल्या तिघी मिळून डेहराडूनची इंडिया ऑप्टेल. इकडची एखादी फॅक्टरी तिकडे सरकली असेल पण बांध जुनेच. कोणी दिल्लीत बसून खान्देशाचा विचार करून बहिणींची ताटातूट केली नाही, खान्देशाचा विचार त्यात कुठे नव्हताच, हे मात्र खरं. एक पुण्याला बांधली, एक नागपूरला. आपण नेहमीसारखे मध्ये.

कागद व्हायला इतका वेळ का लागला ती वेगळीच कथा. समित्या बघ. २००० मध्ये टी. के. ए. नायर समितीनं सांगितलं बोर्डाचं कॉर्पोरेशन करा. २००४-०५ मध्ये विजय केळकर समितीनं सांगितलं एक कंपनी करा आणि नवरत्नाचा दर्जा द्या. २०१५ मध्ये व्हाइस ऍडमिरल रमण पुरी समिती, २०१६ मध्ये शेकटकर समिती, म्हणजे वीस वर्षांत चार वेळा कोणीतरी येऊन तेच सांगून जायचं आणि प्रत्येक वेळी युनियन गेटवर सभा घ्यायच्या आणि फाइल परत कपाटात. ह्यात एक बारीक गोष्ट लक्षात घे, नायर आणि केळकर दोघांचं म्हणणं एका कंपनीचं होतं, सातचं नाही. सात तुकडे हा नंतरचा विचार. १६ मे २०२० ला निर्मला सीतारामन यांनी आत्मनिर्भर पॅकेजमध्ये कॉर्पोरेटायझेशन जाहीर केलं, १६ जून २०२१ ला कॅबिनेटनं सात कंपन्यांना मंजुरी दिली, १ ऑक्टोबरला बोर्ड बंद, आणि १५ ऑक्टोबरला दसऱ्याच्या दिवशी पंतप्रधानांनी कंपन्या देशाला अर्पण केल्या. दसरा म्हणजे आयुधपूजेचा दिवस, त्या दिवशी आमच्याकडे मशीनला हार घालतात, त्यामुळे तारीख निवडणाऱ्याला दाद द्यायला पाहिजे.

मधल्या काळात कामगार गप्प नव्हते. २० ऑगस्ट २०१९ पासून महिनाभराचा संप पुकारला होता, डाव्यांची एआयडीईएफ, इंटकची आयएनडीडब्ल्यूएफ आणि संघवाल्यांची बीपीएमएस ह्या तिन्ही युनियन एकत्र, जे एरवी एका चहाच्या टपरीवर उभे राहत नाहीत. सरकार बोलणीला तयार झालं आणि आठवड्याच्या आत संप मागे घेतला. २०२१ ला परत संपाची भाषा सुरू झाली तर जूनच्या शेवटच्या दिवशी अत्यावश्यक संरक्षण सेवांचा अध्यादेश आला, पुढे ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला, आणि संपाचा रस्ताच बंद. माझं मत विचारशील तर कंपनी करण्याला माझा विरोध नव्हता, चारशे सह्यांनी एक मशीन यायचं ते बंद व्हायलाच पाहिजे होतं. पण एकीच्या सात करताना प्रोसेसची साखळी कुठे तुटते ते कोणी शॉपमध्ये येऊन बघितलं असतं तर बरं झालं असतं.

साखळी म्हणजे काय ते सांगतो, कारण उत्तरातला खरा मुद्दा हाच आहे आणि तो पेपरात येत नाही.

रायफलची एक गोळी घे. तिची केस पितळेची, ७० टक्के तांबं ३० टक्के जस्त. पितळेचा आधी छोटा कप येतो, वाटीसारखा, तो ओढत ओढत लांब करायचा, मध्ये मध्ये भट्टीत घालून नरम करायचा कारण ओढलं की पितळ कडक होतं आणि तडकतं, मग बूड ठोकायचं, तोंड निमुळतं करायचं, प्रायमर म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी बसवायची, बारूद भरायचा, बुलेट बसवायची, मग तपासणी, मग पॅकिंग. आता हे पितळाचं काम करणाऱ्या फॅक्टऱ्या कोणत्या, कटनी, अंबरनाथ, म्हणजे एम अँड सी डिव्हिजन. बारूद करणाऱ्या कोणत्या, अरुवनकाडू, भंडारा, इटारसी, त्या ऍम्युनिशन डिव्हिजनच्या. पेटी-डबा कोणाचा, परत एम अँड सी. म्हणजे गोळी जन्मताना एका डिव्हिजनमधून येते, मधलं आयुष्य दुसऱ्या डिव्हिजनमध्ये आणि शेवटी गुंडाळायला परत पहिल्या डिव्हिजनचं कापड.

जोपर्यंत सगळे एका बोर्डाखाली होते तोपर्यंत हे सगळं आयएफडीवर चालायचं, इंटर फॅक्टरी डिमांड. मी एका फॅक्टरीतून दुसऱ्या फॅक्टरीवर डिमांड टाकायची, ती त्यांच्या वॉरंटला चढायची, माल यायचा आणि हिशोब पुस्तकातल्या पुस्तकात. किंमत ना नफा ना तोटा, जेवढा खर्च तेवढी. ओव्हरहेड सगळा त्यातच, म्हणून तर आर्मीवाले म्हणायचे की तुमचा डबा बाहेरच्या डब्याच्या दुप्पट महाग. त्यांचं चूक नव्हतं. पण आमचंही एक होतं, की युद्धाला लागेल म्हणून मशीन, बिल्डिंग आणि माणूस बारा महिने ठेवायचा आणि ऑर्डर मात्र चार महिन्यांची द्यायची, तर उरलेल्या आठ महिन्यांचा खर्च त्याच डब्यावर बसणार ना. आणि गंमत म्हणजे खर्चाचा हिशोब मांडणारं अकाउंट्स ऑफिस आमचं नव्हतंच, ते डिफेन्स अकाउंट्सचे, आमच्याच कॅम्पसमध्ये बसून आमच्यावरच ऑब्जेक्शन काढायचे.

एकदा आमचा लॉट पास होऊन पडला होता आणि पेट्या संपल्या. मार्च महिना, टार्गेटची बोंब. शेजारच्या फॅक्टरीतल्या माझ्याच दर्जाच्या माणसाला फोन लावला, तो म्हणाला कागद मागून पाठव आधी ट्रक पाठव. दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्या गेटवर. नियमात बसत नव्हतं. आज तेच करायचं तर एक कंपनी दुसऱ्या कंपनीला पर्चेस ऑर्डर देणार, इनव्हॉइस येणार, उशीर झाला तर एलडी म्हणजे उशिराचा दंड कापणार, आणि पर्चेसवाल्यांनी ठरवलं की बाहेरचा सप्लायर स्वस्त देतोय तर ऑर्डर बाहेर जाणार. सोबत वाढलेल्या बहिणी आता गिऱ्हाईक आणि दुकानदार. वाईटच आहे असं नाही, किमतीला शिस्त लागते, पण ज्याचं सगळं आयुष्य बहिणीला डबे देण्यात गेलं त्याला आता बाजारात उभं राहायला शिकायला लागतं.

म्हणून ह्या कंपन्यांकडे बघताना नाव नको बघू, गिऱ्हाईक कोण ते बघ. म्युनिशन्स इंडियाचं गिऱ्हाईक सरळ सरळ फौज आणि परदेश. यंत्र इंडियाचं मोठं गिऱ्हाईक बराच काळ म्हणजे म्युनिशन्स इंडियाच. म्युनिशन्सला सर्दी झाली की यंत्रला न्यूमोनिया.

आकड्यात बघायचं तर म्युनिशन्स इंडियाची विक्री २०२१-२२ च्या दुसऱ्या अर्ध्या वर्षात अडीच हजार कोटींच्या वर होती, २०२४-२५ ला ती ८ हजार कोटींच्या वर गेली. यंत्र इंडिया २०२४-२५ ला ३ हजार कोटींच्या आसपास. सुरुवातीला ह्यांना पाण्यात नुसतं ढकलून दिलं नव्हतं हेही सांगायला पाहिजे, बोर्डाच्या काळातल्या ज्या ऑर्डरी बाकी होत्या त्यांचे ६६ डीम्ड कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे कंपनीशी झालेच असं मानलेले करार, करून दिले, किंमत ६५ हजार कोटींच्या पुढे. म्हणजे खातेफोड करताना उभं पीक सोबत दिलं. ते पीक कापून झालं की पुढची पेरणी ज्याची त्यानं.

आता भुसावळचं काय, डब्यांवर किती दिवस. इथे पिनाका येतो, फौजेची रॉकेट डागणारी यंत्रणा. पिनाका रॉकेटच्या एका लाँचरवर दोन पॉड, म्हणजे रॉकेटच्या नळ्यांचे डबे, एका पॉडमध्ये सहा रॉकेट, ४४ सेकंदांत बारा सुटतात. तो पॉड भुसावळचा. म्हणजे कामाचा स्वभाव तोच, ज्यात माल जातो ते करायचं, पण पत्र्याच्या पेटीपासून रॉकेटच्या पॉडपर्यंत वेल्डिंगची आणि मापाची पातळी कुठल्या कुठे गेली. पेटी अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर कोण बघतो, पॉडमध्ये नळी वाकडी बसली तर रॉकेट वाकडं जाणार. अंबाझरी रॉकेटच्या नळ्या करते, तीही यंत्र इंडियात. भरणं-जोडणं म्युनिशन्सकडे. ६ फेब्रुवारी २०२५ ला संरक्षण मंत्रालयानं पिनाकाच्या दारूगोळ्याचा १०,१४७ कोटींचा करार केला, त्यात म्युनिशन्स इंडियाच्या शेजारी नागपूरची खाजगी इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह पण होती, आणि सॉफ्टवेअरसाठी सरकारी भारत इलेक्ट्रॉनिक्स, बीईएल. पूर्वी अशा यादीत खाजगी नाव दिसलं असतं तर गेटवर सभा झाली असती.

वरणगावची काळजी वेगळी आहे. इन्सास हळूहळू निघतेय म्हणजे ५.५६ चं मागणं पूर्वीसारखं राहणार नाही. फौजेत अमेरिकन सिग ७१६ आली ती ७.६२ बाय ५१ ची, आणि अमेठीच्या कोरव्याला एके-२०३ बनते ती ७.६२ बाय ३९ ची. दोन्हीला आपण ७.६२ म्हणतो पण गोळी वेगळी, केसची लांबी वेगळी, एकीची दुसरीत चालत नाही, टूलिंग सगळं वेगळं. कोरव्याच्या इंडो-रशियन कंपनीत म्युनिशन्स इंडियाचा ८ टक्के हिस्सा आहे, एडब्ल्यूईआयएलचा ४२.५, दोन्ही मिळून ५०.५, बाकी रशियन. म्हणजे बंदुकीच्या कंपनीत गोळीवाल्यांचं बोट आहे, ते असायलाच पाहिजे. दुसरीकडे फेब्रुवारी २०२४ ला कानपूरला अदानींचा दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला आणि त्यांनी सुरुवातच छोट्या कॅलिबरनं केली. साठ वर्षं गोळी म्हटलं की खडकी नाहीतर वरणगाव, तिथं आता दुसरं दुकान उघडलंय, नव्या मशीनचं. जुन्या लाइनवर दर गोळीला किती हात लागतात आणि नव्या लाइनवर किती, हे ज्यानं बघितलंय त्याला झोप लागायची नाही. पण एक गोष्ट नवीन मशीनला लगेच येत नाही, पितळ कुठल्या आवाजात ओढलं जातं ते ऐकून डाय झिजली का ते सांगणारा माणूस. तसे लोक वरणगावला अजून आहेत, रिटायर व्हायच्या आत त्यांच्याकडून शिकून घेतलं तर.

तुझा शेवटचा प्रश्न नोकरीचा. हे नीट ऐक कारण गावात कोणी नीट सांगत नाही, सगळे म्हणतात "ऑर्डनन्सला लाग, सेंट्रल गव्हर्मेंट आहे." १ ऑक्टोबर २०२१ ला जे कामावर होते ते सरकारी कर्मचारी राहिले आणि कंपनीकडे डीम्ड डेप्युटेशनवर, म्हणजे उसनवारीवर, गेले, आधी दोन वर्षांसाठी, मग मुदत वाढत गेली. त्यांच्या सेवेचा कागद सांभाळायला कोलकात्याला ऑर्डनन्स डायरेक्टोरेट ठेवलंय, म्हणजे आयुध भवनाचं भूत अजून आहे. पण नंतर जे लागतायत ते कंपनीचे, आणि म्युनिशन्सच्या फॅक्टऱ्यांमध्ये डेंजर बिल्डिंग वर्करची, म्हणजे बारूद-स्फोटकांच्या शॉपमधल्या कामगाराची, भरती मुदतीच्या करारावर निघते. त्यात ऑर्डनन्समध्येच अप्रेंटिस केलेल्यांना, एओसीपी (अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट) ट्रेडवाल्यांना प्राधान्य असतं. म्हणून तुझा ट्रेड एओसीपी असेल तर डोळे पुण्याच्या कंपनीकडे लाव, फिटर-मशिनिस्ट-वेल्डर असशील तर नागपूरच्या कंपनीकडे. वेल्डर असशील तर भुसावळलाच अप्रेंटिस कर, पॉडवर हात बसला तर पुढे बाहेरच्या कंपनीतही कोणी विचारणार नाही की तुझी नोकरी पर्मनंट होती का.

आणि फॉर्म भरताना जाहिरातीत वरच्या ओळीत कंपनीचं नाव बघ, फॅक्टरीचं नाव खाली असतं. मागच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका पोरानं वरणगावसाठी म्हणून डिमांड ड्राफ्ट काढला तो नागपूरच्या कंपनीच्या नावानं, बँकेत परत जाऊन रद्द करायला शंभर रुपये गेले.